आधी अंदाज, मग पडदा: अवकाश आणि अभियांत्रिकी आभासी उपक्रमांतून शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली शाळा, नववी-दहावीचे वर्ग, संगणक कक्षात चालू स्थितीतले दहा संगणक, एक प्रोजेक्टर, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. विज्ञानाच्या बाई विचारतात की, अवकाश आणि अभियांत्रिकी आभासी उपक्रमांतून शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी? मुलं पडद्यावर रंगून जातात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काहीच सांगता येत नाही, असं का होतं? आणि संस्थेकडे व्हीआर चष्मे (डोळ्यांवर चढवले की आभासी दृश्याच्या आत असल्यासारखं वाटतं ते) विकायला आलेल्या कंपनीला काय सांगावं?

मधला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

मुलांना दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही, कारण पडद्याने त्यांना न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. ग्रह फिरतोय, रॉकेट उडतंय, रंग सुंदर आहेत. यात मुलाने स्वतःचं काही पणाला लावलेलं नसतं. त्यामुळे उत्तर बरोबर आलं काय नि चूक आलं काय, त्याला फरक पडत नाही. उपाय साधा आहे, पण तो दर वेळी पाळावा लागतो: पडदा उघडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. पेन्सिलने नाही, आणि नंतर खोडायचाही नाही. मग पडदा. आणि शक्य असेल तिथे पडद्यावर दिसलेलं प्रत्यक्षात पडताळून पाहायचं.

एक उदाहरण घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाने बनवलेली ‘फेट’ सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर चालवून पाहायच्या प्रतिकृती, फुकट आहेत, त्यांतली बरीचशी मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. त्यात गुरुत्वाकर्षण आणि कक्षा यांवरचं एक आहे. सूर्य मध्ये, पृथ्वी भोवती फिरतेय, आणि गुरुत्वाकर्षण बंद करायचं बटण. बटण लगेच दाबू नका. आधी फळ्यावर वर्तुळ काढा, त्यावर एका बिंदूवर पृथ्वी दाखवा आणि विचारा: या क्षणी गुरुत्वाकर्षण नाहीसं झालं तर पृथ्वी कुठल्या वाटेने जाईल? प्रत्येकाने रेघ काढायची. कुणी सूर्यापासून सरळ बाहेर जाणारी रेघ काढतं, कुणी हळूहळू मोठं होत जाणारं वळण काढतं, थोडेजण स्पर्शरेषा काढतात. आता शेजारच्याशी वाद घालायला पाच मिनिटं द्या. मग बटण दाबा. पृथ्वी स्पर्शरेषेवरून सरळ निघून जाते, आणि वर्गातला आवाज ऐकूनच तुम्हाला कळतं की न्यूटनचा पहिला नियम पाठ्यपुस्तकातून बाहेर आला. त्याच सिम्युलेशनमध्ये पृथ्वीचं वस्तुमान दुप्पट करा. कक्षा बदलेल असं बहुतेकांना वाटतं. ती बदलत नाही. सूर्याचं वस्तुमान वाढवलं की मात्र बदलते. दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ प्रकरणाची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

हे झालं अवकाशाचं विज्ञान. अभियांत्रिकी हा वेगळा मामला आहे, आणि बहुतेक आभासी उपक्रम इथेच कमी पडतात. रॉकेटच्या भागांची नावं सांगता येणं ही माहिती झाली. अभियांत्रिकी सुरू होते ती अडचणीपासून: वजन इतकंच, इंधन इतकंच, वेळ इतकाच, आणि संधी एकदाच. मुलांना निवड करायला लावा आणि त्या निवडीची किंमत दिसू द्या. यासाठी मी सगळ्यांत जास्त वापरते तो उपक्रम म्हणजे चांद्रयान-३ चं उतरणं, आणि तो कुठल्याही खास सॉफ्टवेअरशिवाय, साध्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे सूत्रं घालता येणाऱ्या रकान्यांच्या तक्त्यात होतो. लिब्रेऑफिससारखं सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

आधी गोष्ट सांगा. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर, म्हणजे यानाचा चंद्रावर उतरणारा भाग, ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर आदळला. चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं. सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साधारण १.६८ किलोमीटर इतक्या आडव्या वेगापासून सुरुवात करून तो वेग जवळजवळ शून्यावर आणायचा होता. लँडरला प्रत्येकी ८०० न्यूटन बलाची चार इंजिनं होती. आपण फक्त शेवटचा टप्पा घ्यायचा: उंची ८०० मीटर, वेग शून्य, चंद्राचं गुरुत्वत्वरण १.६२. लँडरचं वस्तुमान आपल्या प्रतिकृतीपुरतं ९०० किलो धरा, आणि पूर्ण ताकदीने चालणारं प्रत्येक इंजिन सेकंदाला पाव किलो इंधन खातं असं धरा. इंधन जळून वस्तुमान कमी होतं, ते सुरुवातीला विसरा.

स्प्रेडशीटमध्ये एक ओळ म्हणजे एक सेकंद. रकाने पाच: वेळ, चालू इंजिनं, वेग, उंची, उरलेलं इंधन. त्वरण काढायला इंजिनांची संख्या गुणिले ८०० भागिले ९०० आणि त्यातून १.६२ वजा. नवा वेग म्हणजे जुना वेग अधिक त्वरण, नवी उंची म्हणजे जुनी उंची अधिक वेग. सूत्र मुलांनीच लिहायचं. तयार फाइल देऊ नका, कारण सूत्र लिहितानाच त्यांना गतीचे नियम कळतात. इंजिनं मंद करता येतात असं धरून इंजिनांच्या रकान्यात दशांशही लिहू द्या. उतरताना वेग सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी हवा. ही मर्यादा खरी आहे: चांद्रयान-२ मध्ये पायांची सहनशक्ती २ मीटर प्रति सेकंद धरली होती, ती पुढच्या वेळी ३ केली.

आता पहिला अंदाज. इंजिनं चालूच केली नाहीत तर? ‘चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी, हळूच पडेल’ असं अनेकजण लिहितात. गणित सांगतं की ३१ सेकंदांत लँडर आदळेल, सेकंदाला ५१ मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या वर.

मग मुलं सावध होतात आणि अगदी हळू उतरवू पाहतात, सेकंदाला २ मीटरने. ८०० मीटरला ४०० सेकंद लागतात, आणि तितका वेळ लँडरचं वजन पेलायचं म्हणजे सुमारे १.८ इंजिनं सतत चालू. इंधन जातं १८० किलो. तेव्हा तुम्ही सांगायचं की टाकीत फक्त ६० किलो आहे. इथे वर्ग शांत होतो आणि खरा विचार सुरू होतो. कुणीतरी उलट टोक गाठतं: बराच वेळ पडू द्यायचं आणि शेवटी चारही इंजिनं पूर्ण ताकदीने लावायची. सूत्राने काढलं तर ३६४ मीटरवर इंजिनं पेटवली की लँडर जमिनीपाशी बरोबर थांबतो आणि इंधन लागतं जेमतेम २० किलो. सगळे खूश होतात. त्यांना विचारा: इंजिनं एक सेकंद उशिरा पेटली तर? अंदाज लिहून घ्या, मग करून पाहू द्या. लँडर सेकंदाला १६ मीटरने आदळतो, ताशी जवळजवळ ६० किलोमीटर. एका सेकंदाचा हा परिणाम पाहिल्यावर मुलं स्वतःच मधला मार्ग शोधू लागतात: थोडं पडू द्या, थोडं आवरा, शेवटी हातात इंधन राखून ठेवा. दहा गटांचे दहा मार्ग निघतात आणि प्रत्येकाला आपल्या मार्गाची बाजू मांडता येते.

याच ठिकाणी विचारा: हा लँडर बंगळुरूहून बटणं दाबून का उतरवला नाही? चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. संदेश जायला १.३ सेकंद, उत्तर यायला १.३ सेकंद. एका सेकंदाच्या उशिराचं काय होतं ते त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. यानाने निर्णय स्वतः का घ्यायचे, हे मला तरी कधी वेगळं समजवावं लागलेलं नाही.

शेवटची फेरी अशी: सरावाला हवे तितके प्रयत्न, पण ‘खरं’ उतरणं एकदाच, सगळ्यांसमोर प्रोजेक्टरवर. त्याआधी प्रत्येक गटाला एक चिठ्ठी. कुणाचं एक इंजिन बंद पडणार, कुणाचा उंचीमापक ५ टक्के जास्त उंची दाखवणार. शेवटच्या क्षणी पेटवणाऱ्या गटाला ही ५ टक्क्यांची चूक सेकंदाला ११ मीटर वेगाने आपटवते. कुठली चिठ्ठी आली तरी वाचेल असा मार्ग चिठ्ठी उघडण्याआधी आखायचा. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी चांद्रयान-३ बद्दल हेच सांगितलं होतं: चांद्रयान-२ ची रचना सगळं नीट झालं तर यश मिळेल अशी होती, या वेळी काय काय बिघडू शकतं ते धरून रचना केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि उतरण्यासाठी ५०० मीटर बाजूच्या चौकोनाऐवजी काही किलोमीटर लांबीरुंदीचा पट्टा ठेवला. दहावीच्या ‘अवकाश मोहिमा’ या प्रकरणात मोहिमांची नावं आणि तारखा असतात. त्यामागची ही विचारपद्धती मुलांना मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हा उपक्रम पडद्यावर संपवू नका. पुढच्या आठवड्यात पुठ्ठा, स्ट्रॉ, रबरबँड आणि चिकटपट्टी देऊन प्रत्यक्ष लँडर बनवायला सांगा आणि दुसऱ्या मजल्यावरून सोडा. आत अंडं ठेवायचं. ज्या घरांत अंडं चालत नाही त्यांच्यासाठी पिकलेला टोमॅटो. सामानाला मर्यादा घाला, नाहीतर मुलं सगळं कापसात गुंडाळतात. ज्यांनी स्प्रेडशीटवर काम केलेलं असतं त्यांची भाषा बदललेली ऐकू येते. ‘जाड कर’ म्हणण्याऐवजी ती ‘थांबायला अंतर जास्त मिळायला हवं’ म्हणतात.

दुसरा उपक्रम दोन शाळांत मिळून करायचा आहे आणि त्याला दोन फोन पुरतात. एका शाळेच्या वर्गात फरशीवर चौकटी आखायच्या, पुस्तकं-दप्तरं ठेवून खड्डे-दगड करायचे, आणि एक मुलगी डोळे मिटून रोव्हर, म्हणजे परक्या जमिनीवर फिरणारी गाडी, होणार. तिच्या हातातल्या फोनवरून दर आज्ञेनंतर एकच फोटो दुसऱ्या शाळेत जातो. दुसऱ्या शाळेतले चालक फोटो पाहून लेखी आज्ञा पाठवतात: पुढे दोन चौकटी, उजवीकडे काटकोन. मधल्या मुलाने प्रत्येक संदेश ठरलेला वेळ अडवून ठेवायचा. मंगळाला संदेश पोचायला ग्रहांच्या स्थितीप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. वर्गात ३ मिनिटांचं बंधन घातलं तरी तासिका पुरत नाही, आणि तेच त्यांना अनुभवायचं आहे. पहिल्या दोन चुकांनंतर मुलं एकेक आज्ञा सोडून आज्ञांचा गठ्ठा पाठवू लागतात, आणि त्यात ‘समोर अडथळा लागला तर थांब’ अशी अट घालतात. तिथे प्रोग्रामिंगची सुरुवात झाली. मग चांद्रयान-३ च्या प्रग्यानची गोष्ट सांगा: २६ किलोचा रोव्हर, सेकंदाला एक सेंटिमीटर वेग, २७ ऑगस्ट २०२३ ला त्याच्यासमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला आणि त्याला मागे फिरायची आज्ञा द्यावी लागली.

आता पडताळ्याबद्दल, कारण ‘आभासी’ म्हटलं की तो पहिला सुटतो. स्टेलॅरियम हे फुकट तारांगण-सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं. त्यात आपलं गाव निवडा आणि भर दुपारी सूर्य किती उंच येईल ते पाहा. समजा कोल्हापूरची एक शाळा आणि धुळ्याची एक शाळा जोडीला आहेत. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. २१ मार्चच्या सुमारास सूर्य कोल्हापुरात डोक्यापासून सुमारे १६.७ अंश कललेला असेल, धुळ्यात २०.९. म्हणजे एक मीटर काठीची सावली कोल्हापुरात ३० सेंटिमीटर आणि धुळ्यात ३८. हा झाला पडद्यावरचा अंदाज. मग त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून दोन्ही मैदानांवर काठ्या उभ्या करा. गवंड्याचा ओळंबा आणा, काठी अगदी उभी हवी. सावली सगळ्यांत लहान होते ती घड्याळाच्या बाराला नाही, १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास, कारण भारतीय प्रमाणवेळ आपल्या बरीच पूर्वेला ठरते. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खूण करत गेलं की मुलांना हे आपोआप सापडतं.

कोनांतला फरक ४.२ अंश, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६६ किलोमीटर. त्रैराशिक मांडलं की पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. पण मुलांचं उत्तर इतकं सुबक येणार नाही, आणि तिथे अभियांत्रिकी पुन्हा आत येते. सावली मोजताना एक सेंटिमीटर चूक झाली तर परीघ सुमारे पाच हजार किलोमीटरने चुकतो. आणि सावलीची कड मुळात पुसट असते, कारण सूर्य बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंद आहे. मीटरभर काठीच्या सावलीला साधारण सेंटिमीटरभर पुसट कड येतेच. काठी लांब करून हे सुटत नाही, पुसट भागही त्याच प्रमाणात वाढतो. मग काय करायचं? हा प्रश्न मुलांकडे सोपवा. थोडं ढकललं की कुणाला तरी सुचतं: काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवायचा, जमिनीवर सूर्याची गोल प्रतिमा पडते, तिचा मध्य मोजायचा. मोजण्याचं साधन सुधारणं हे अवकाश-अभियांत्रिकीचं अर्धं काम आहे, आणि ते इथे शाळेच्या मैदानावर होतं. मार्चमध्ये परीक्षा जवळ येते, तेव्हा जानेवारीतला कुठलाही निरभ्र दिवस घ्या. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजलं की कोनांतला फरक तोच येतो.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग होत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. उपग्रह-नकाशावर त्या स्पष्ट दिसतात. चौदा अँटेना मधल्या भागात दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर पसरलेल्या. मुलांना त्या शोधू द्या, अंतरं मोजू द्या, आणि विचारा की सगळ्या एकत्र का नाहीत. दुसरा प्रश्न: तबकडी भरीव पत्र्याची का नाही, तारेची जाळी का? ती टिपते त्या रेडिओ लहरींची लांबी सुमारे २० सेंटिमीटरपासून पुढे आहे. १०-२० मिलिमीटरची भोकं अशा लहरींना नसल्यासारखीच, पण वारा मात्र त्यांतून निघून जातो. तबकडी हलकी झाली, आधार हलका झाला, खर्च आवाक्यात आला. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ही रचना नववीच्या ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ या प्रकरणाला जोडून शिकवण्यासारखी आहे.

ऑनलाइन लघुग्रह-शोध मोहिमांबद्दल एक सावधगिरी. मुलं खऱ्या दुर्बिणीच्या प्रतिमा तपासतात, हे काम उत्तम आहे आणि चिकाटी शिकवतं. पण प्राथमिक नोंद म्हणजे शोध नव्हे. पुष्टी व्हायला वर्षं लागू शकतात. ‘विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशी बातमी छापून आणण्याची घाई करू नका. मुलाला खरं काय झालं ते सांगा. त्यातही अभिमान वाटण्यासारखं पुष्कळ आहे.

दहा संगणकांबद्दल: एका संगणकावर चारजण बसवा आणि कामं वाटा. एक माउस धरणार, एक वहीत नोंद करणार, एक पुढचा अंदाज सांगणार, एक त्यावर शंका काढणार. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. हे बदलणं घड्याळ लावून करा. नाहीतर माउस वर्षभर त्याच दोन-तीन मुलांच्या हातात राहतो आणि मुली नोंदी लिहीत राहतात, हे मी फार शाळांत पाहिलं आहे. लागणारी सगळी सिम्युलेशन्स आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन प्रत्येक संगणकात टाकून ठेवा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी तास वाया जात नाही.

राहिले व्हीआर चष्मे. त्यांचा एक खरा उपयोग आहे: आकाराची जाणीव. अवकाश स्थानकाच्या आत उभं राहिल्यासारखं वाटणं किंवा रॉकेटच्या पायथ्याशी मान वर करून पाहणं साध्या पडद्यावर होत नाही. पण चष्मा घातलेलं मूल एकटं असतं. शेजारच्याशी वाद घालता येत नाही, वहीत लिहिता येत नाही, आणि वर ज्या तीन गोष्टींवर सगळी भिस्त ठेवली (लिहिलेला अंदाज, शेजारच्याशी वाद, पडताळा) त्यांपैकी पहिल्या दोन तिथेच गळतात. चाळीसजणांच्या वर्गात चार चष्मे असले तर छत्तीसजण वाट पाहतात. म्हणून तुमच्या परिस्थितीत माझं उत्तर ‘घेऊ नका’ असं आहे. त्या कंपनीला शाळेत एक दिवस प्रात्यक्षिक करू द्या, मुलांना तो अनुभव मिळू द्या. संस्थेला पैसे खर्च करायचेच असतील तर क्रमाने असं सुचवा: संगणक कक्षाला यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी चालू स्प्रेडशीट जाणार नाही, दोन शाळांच्या कॉलसाठी एक बरा मायक्रोफोन, कारण आवाज नीट नसला की असे उपक्रम तिथेच मोडतात, आणि त्यानंतर एक लहान दुर्बीण, जिच्यातून स्टेलॅरियमवर पाहिलेले गुरूचे चार चंद्र त्याच रात्री शाळेच्या गच्चीवरून मोजता येतील.